सातबाऱ्यावर किती नावं?

महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरांत ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, त्या खेळाचं पाटीवरचं नाव होतं ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. कॅपकॉमचा १९९३ चा खेळ. निवडायला चार पात्रं, त्यांतल्या एकाचं नाव मुस्तफा कैरो, आणि पोरांनी अख्ख्या खेळाचंच बारसं त्याच्या नावानं उरकून टाकलं. या बारशाला कुणाची परवानगी लागली नाही. पाटीवरच्या नावाची गोष्ट वेगळी: खेळ एका अमेरिकन कॉमिकवरून घेतलेला, आणि ‘कॅडिलॅक’ हा जनरल मोटर्सचा ट्रेडमार्क. प्रोग्रॅम कॅपकॉमचा, तरी तो पुन्हा बाजारात आणायचा तर कॅपकॉमला आणखी दोन दारं ठोठवावी लागणार. २०१८ साली कॅपकॉमनं आपल्या जुन्या मारामारीच्या खेळांपैकी सात एकत्र करून विकले. त्यात मुस्तफा नाही. २०१९ साली ‘कॅपकॉम होम आर्केड’ नावाचं घरी ठेवायचं यंत्र आलं, सोळा खेळांचं, त्यातही नाही.

हे झालं एका खेळाचं. तो खेळ संगणकावर चालवायला एम्युलेटर, म्हणजे मूळ यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, आला की आणखी दोन मालक्या येऊन बसतात: एम्युलेटरच्या नावाची आणि एम्युलेटरच्या कोडची. बोलताना आपण या सगळ्यांना ‘राइट्स’ या एका शब्दात कोंबतो आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. जमिनीच्या भाषेत सांगितलं तर लवकर कळतं. नाव म्हणजे एकाच्या नावावरचा बिनशेती प्लॉट. कागद पुढे केला की भांडण मिटतं. कोड म्हणजे सामाईक सातबारा. चुलते, पुतणे, परगावी गेलेला भाऊ, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात तिसऱ्याच कुणाचा बोजा. अशी जमीन एकानं परस्पर विकली की काय होतं ते गावाकडच्या वाचकाला सांगायला नको.

नावाचा प्लॉट बळकावण्याची युक्ती एम्युलेटरांपेक्षा बरीच जुनी आहे. कोनामीनं ‘स्क्रॅम्बल’ नावाचा विमानाचा खेळ केला आणि अमेरिकेतले हक्क स्टर्न इलेक्ट्रॉनिक्सला दिले. स्टर्ननं १७ मार्च १९८१ पासून विक्री सुरू केली आणि पहिल्या दोन महिन्यांत सुमारे १०,००० यंत्रं विकली, प्रत्येकी साधारण २,००० डॉलरला. ओम्नी नावाच्या कंपनीनं त्याआधीच, डिसेंबर १९८० मध्ये, ‘स्क्रॅम्बल’ छापलेल्या दहा पाट्या मागवल्या होत्या. त्या आपल्याकडच्या ‘स्पेस गरिला’ या भलत्याच खेळाच्या पाच यंत्रांवर लावून विकल्या, आणि एप्रिल १९८१ मध्ये स्टर्नच्या खेळासारखाच दिसणारा खेळ ‘स्क्रॅम्बल’ म्हणून बाजारात आणला. कोर्टात म्हणणं असं, की हे नाव आम्हीच आधी वापरलं. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकेच्या सेकंड सर्किट अपील कोर्टानं हा दावा फेटाळला: पाच यंत्रांवरच्या पाट्या म्हणजे प्रामाणिक वापर नव्हे.

त्याच खटल्यात ओम्नीचा दुसरा बचाव जास्त हुशारीचा होता. आमचा प्रोग्रॅम आम्ही नव्यानं लिहिला, त्यांच्या कोडची एक ओळही घेतली नाही, मग नक्कल कसली? शिवाय पडद्यावरचं चित्र खेळणाऱ्यागणिक बदलतं, तर ते कायम स्वरूपाचं कसं? कोर्टानं सांगितलं की दर खेळीत पुन्हा पुन्हा येणारी चित्रं आणि आवाज यांना स्वतंत्र संरक्षण आहे, मग खालचा कोड कुणाचाही असो. त्याच वर्षी ‘डिफेंडर’बद्दलच्या विल्यम्स विरुद्ध आर्टिक या खटल्यात थर्ड सर्किटनं रॉम चिपमध्ये भरलेल्या कोडलाही कॉपीराइट असल्याचं मान्य केलं. म्हणजे १९८२ संपेपर्यंत नाव, चित्र-आवाज आणि कोड हे तीन वेगवेगळे गट नंबर झाले होते. पुढे २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्समध्ये नाइन्थ सर्किटनं सोनीच्या यंत्राचा एम्युलेटर लिहिण्यासाठी त्यातला कोड उलगडून पाहणं (रिव्हर्स इंजिनीअरिंग) हे परवानगीशिवाय चालणाऱ्या योग्य वापरात (फेअर यूज) बसवलं. म्हणून आज भांडण ‘एम्युलेटर कायदेशीर का?’ यावर क्वचितच होतं. ते होतं एम्युलेटर कुणाचा, यावर.

आता मेम. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं ५ फेब्रुवारी १९९७ रोजी पहिली आवृत्ती सोडली. नाव साधंसरळ: ‘मल्टिपल आर्केड मशीन एम्युलेटर’ची आद्याक्षरं. प्रकल्प फुकट, परवाना पैसे कमावायला बंदी करणारा, त्यामुळे नावाची नोंदणी करायचं कुणाच्या डोक्यात येणार? २००५ साली ते दुसऱ्याच्या डोक्यात आलं. अल्ट्राकेड ही आर्केड यंत्रं विकणारी अमेरिकन कंपनी. तिच्या संस्थापकानं ‘मेम’ या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केल्याचं उघड झालं. त्याचं म्हणणं, बेकायदा रॉम (खेळांच्या चिपमधून उतरवलेल्या फायली) भरून यंत्रं विकणाऱ्यांना अडवायला हे हत्यार हवं. हेतू चांगला धरला तरी नाव दुसऱ्याच्या घरातलं. गदारोळ झाला, अर्ज बारगळला. पुढे मेम हा खुद्द साल्मोरियाच्या नावावरचा नोंदणीकृत ट्रेडमार्क झाला. आता प्रकल्पाच्या माहितीपत्रकात मालक म्हणून ग्रेगरी एंबर यांचं नाव आहे, आणि नाव, लोगो, अक्षररचना यांपैकी काहीही वापरायचं तर परवानगी लागते असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरला ट्रेडमार्कचा हक्क मिळतो का, ही शंका बऱ्याच जणांना असते. मिळतो. ‘कूलमेल’ नावाचा एक छोटा मेल-प्रोग्रॅम जीपीएलखाली (वाटा, पण मूळ कोड म्हणजे सोर्सही द्या, अशी अट घालणारा मुक्त परवाना) फुकट वाटला जात होता. २००१ मध्ये प्लॅनेटरी मोशन विरुद्ध टेकस्प्लोजन या खटल्यात अमेरिकेच्या इलेव्हन्थ सर्किटनं ठरवलं की असं जाहीर, सातत्यानं वाटणं हाही नावाचा वापरच आहे. म्हणून फुकट प्रकल्पांनी पहिल्या दिवसापासून तारखा जपाव्यात: पहिल्या आवृत्तीची झिप फाइल, तिच्यातली माहितीची फाइल, घोषणेचा मजकूर. अर्जापेक्षा हे कागद जास्त कामाला येतात. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर जुने खेळ चालवणाऱ्या ‘रेट्रोपाय’लाही हेच भोगावं लागलं. अमेरिकेत भलत्याच कुणीतरी त्यांचं नाव नोंदवून घेतलंय, हे त्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं, आणि पुढे तो तंटा प्रकल्पाच्या बाजूनं मिटला.

भारतात नाव नोंदवायला फार खर्च नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९, खेळाच्या उपकरणांसाठी वर्ग २८. फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन भरला तर व्यक्तीला दर वर्गाला ४,५०० रुपये. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. आपण वापरत असलेल्या नावासाठी दुसऱ्यानं अर्ज टाकला असेल तर ट्रेडमार्क जर्नलमध्ये तो छापून आल्यापासून चार महिन्यांत टीएम-ओ भरून हरकत घ्यायची. अमेरिकेत ही मुदत जेमतेम तीस दिवसांची आहे आणि लोक तिथेच फसतात. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याला नोंदणीशिवायही संरक्षण देतं, मात्र पुन्हा तेच: तारीख दाखवता आली पाहिजे. ट्रेडमार्क नोंदणी खात्याचं मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे.

नावाचं एवढंच. एक मालक, एक अर्ज, एक निकाल.

कोडचं तसं होत नाही. मेममध्ये एका यंत्राचं वर्णन करणाऱ्या फाइलला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. पॅक-मॅनचा ड्रायव्हर घ्या. १८.४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याचा सहावा भाग म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, १६ केबी रॉम, षोडशमान ४००० या पत्त्यावर चित्राची रॅम आणि ४४०० वर रंगाची. ही झाली वस्तुस्थिती, आणि तिच्यावर कुणाचाच कॉपीराइट नसतो. पण ती मांडायची कशी, नकली बोर्डावरची आकड्यांची फिरवाफिरव उलगडायची कशी, आवाज कसा काढायचा, हे लिहिणं कुणाचं तरी असतं. पॅक-मॅनच्या बोर्डावर क्रश रोलरसारखे दुसरेही खेळ चालायचे, त्यामुळे एकाच फाइलला वर्षानुवर्षं वेगवेगळे हात लागत गेले. सुरुवातीच्या काळात बदल ईमेलनं समन्वयकाकडे यायचे आणि श्रेय ‘नवं काय’ या मजकुराच्या फाइलीत एका ओळीत, तेही पुष्कळदा टोपणनावानं. फेरफाराची नोंदवही अशी ठेवली की वीस वर्षांनी वारस शोधताना काय गत होते, त्याची कल्पना करा.

जुना परवाना तीन वाक्यांत सांगता येईल. विकायचा नाही. कुठल्याही व्यावसायिक वस्तूत किंवा कामात वापरायचा नाही. बदल करून वाटलात तर पूर्ण सोर्सही द्यायचा. ऐकायला छान, पण ‘व्यावसायिक काम’ यात प्रवेशाला तिकीट लावणारं संग्रहालयही येतं. खेळाच्या मूळ कंपनीला स्वतःचाच खेळ मेमवर चालवून विकायचा असला, तरी तिलाही बंदी. म्हणून मे २०१५ मध्ये तेव्हाचे समन्वयक मिओद्राग मिलानोविच यांनी परवाना बदलायचं जाहीर केलं. मेमनं कुणाकडूनही कॉपीराइट लिहून घेतलेला नव्हता. ज्यानं लिहिलं त्याचाच तो राहिला. म्हणजे एकेकाला गाठून सही घेण्यावाचून गत्यंतर नाही.

काम चाललं ते असं. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर दोन ओळी घातल्या: पहिलीत परवाना, दुसरीत हक्कधारकांची नावं. जिथे माहीत नाही तिथे तीन प्रश्नचिन्हं. मग ही प्रश्नचिन्हं शोधायची, जुन्या आवृत्त्या एकीशेजारी एक ठेवून कुठली ओळ कधी आली ते पाहायचं, माणूस शोधायचा, विचारायचं. निवडायला तीन परवाने दिले होते: तीन कलमांचा बीएसडी (जवळपास बिनअटीचा), एलजीपीएल २.१ (जीपीएलचाच सौम्य प्रकार), जीपीएल २. कुणी बंद पडलेल्या पत्त्यापलीकडे गेलेला, कुणाची अट वेगळी. जिथे होकार मिळत नाही तिथे तो भाग काढायचा किंवा नव्यानं लिहायचा. नव्यानं लिहिणं म्हणजे जुनी फाइल शेजारी उघडून चलांची नावं बदलणं नव्हे. ती नक्कलच ठरते. सर्किटचा नकाशा, चिपची माहितीपुस्तिका आणि खरा बोर्ड एवढ्यावरूनच लिहायचं, आणि शक्यतो ज्यानं जुना कोड वाचलेलाच नाही त्यानं लिहायचं.

मार्च २०१६ मध्ये ०.१७२ ही नव्या परवान्याची पहिली आवृत्ती आली. साधारण दहा महिने लागले. नव्वद टक्क्यांहून जास्त फायली बीएसडीखाली, गाभ्याच्या फायली धरून. पण पूर्ण मेम जीपीएलखाली वाटला जातो, आणि यावर लोक हमखास गोंधळतात. कारण असं, की बीएसडीचा कोड जीपीएलमध्ये मिसळता येतो, उलट येत नाही. शंभरातल्या पाच फायली जीपीएल असल्या आणि त्या जोडूनच अंतिम प्रोग्रॅम बनत असला, तर पूर्ण प्रोग्रॅमला जीपीएलचे नियम लागतात. यामाहाच्या एफएम आवाजाच्या चिप्स हे त्याचं ठळक उदाहरण होतं. शेकडो बोर्डांवर त्या चिप्स, आणि त्यांचा जुना कोड जीपीएलचा. २०२१ मध्ये आरॉन गाइल्स यांनी तो भाग पुन्हा पहिल्यापासून लिहिला, बीएसडीखाली.

दुसरा एम्युलेटर फायनल बर्न अल्फा. त्याची गोष्ट सातबाऱ्याच्या उपमेत इतकी चपखल बसते की रचलेली वाटावी. जुन्या ‘फायनल बर्न’वरून वाढलेला प्रकल्प, अनेकांनी मिळून लिहिलेला. परवाना स्पष्ट: विकू नका, भाड्यानं देऊ नका, देणग्याही मागू नका. आत काही भाग मेमच्या जुन्या, पैसे कमावायला बंदी असलेल्या परवान्यातला. म्हणजे ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा. एप्रिल २०१९ मध्ये कॅपकॉम होम आर्केडची घोषणा झाली, २२९.९९ युरोचं यंत्र, आणि आत हाच एम्युलेटर. उत्पादकांनी सांगितलं की आम्ही रीतसर परवाना घेतलाय. घेतला होताही, पण एकाच विकासकाकडून. बाकीचे म्हणाले, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

एका भावानं सही केली, तर त्याच्या हिश्शाची विक्री झाली. बाकीच्यांच्या हिश्शाचं काय? त्याच्या स्वतःच्या फायली त्यानं कुणालाही, कितीही पैशांना द्याव्यात, तो त्याचा हक्कच. पण पूर्ण एम्युलेटर म्हणजे त्याच्या फायली नव्हेत. आणि मेममधून आलेल्या भागावर तर घरातल्या कुणाचीच सही चालत नाही, कारण ते शेत मुळात दुसऱ्या गावचं. यंत्रातले सोळाही खेळ कॅपकॉमचे, ‘एलियन व्हर्सेस प्रिडेटर’सारखा परक्या नावाचा खेळ असूनही तो त्यात होता, खेळांच्या बाजूचे कागद त्यांनी नीट पाहिले असणार. चूक झाली ती एम्युलेटरच्या कागदांत, जिथे वकिलांना सहसा बघायची सवय नसते. विकासकांपैकी बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी ‘फायनल बर्न निओ’ हा वेगळा प्रकल्प चालू केला.

आता जे कुणी घरच्या घरी कॅबिनेट बांधून विकतात, किंवा मेमरी कार्डावर सगळं भरून देतात, त्यांच्यासाठी.

सगळ्यांत जास्त माणसं अडकतात ती आवृत्तीत. ‘मेम आता मुक्त आहे’ हे अर्धवट ऐकलेलं असतं. पण रास्पबेरी पायच्या कार्डावर चालतो तो बहुतेक वेळा आजचा मेम नसतो. ‘मेम २०००’ म्हणजे ०.३७ बीटा ५, ‘मेम २००३’ म्हणजे ०.७८, ‘मेम २०१०’ म्हणजे ०.१३९. तिन्ही ०.१७२ च्या आधीच्या, तिन्हींवर जुना परवाना, तिन्ही विकायला बंदी. हलक्या प्रोसेसरवर नेमक्या त्याच जोरात पळतात, ही त्यातली गंमत. परवाना मागं जाऊन जुन्या फायलींना आपोआप लागत नाही. नवी आवृत्ती मुक्त झाली म्हणून जुनी झाली असं होत नाही.

०.१७२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर विकता येते, जीपीएलच्या अटी पाळून. सोर्स सोबत द्या, किंवा निदान तीन वर्षं चालेल असं लेखी आश्वासन द्या की मागणाऱ्याला फक्त प्रत काढण्याच्या खर्चात सोर्स मिळेल. सोर्स म्हणजे तुम्ही जी आवृत्ती भरली तीच, तुमचे बदल आणि बांधणीच्या स्क्रिप्टसकट. प्रकल्पाच्या पानाचा पत्ता चिकटवून भागत नाही, विशेषतः सुरुवातीचा इशारा काढून टाकण्यासारखी छोटीशी दुरुस्ती तुम्ही केलेली असेल तेव्हा. आणि कॅबिनेटच्या माथ्यावर दिव्याच्या उजेडात ‘मेम’ लिहू नका. कोडचा परवाना नावाची परवानगी देत नाही. दोन वेगळे प्लॉट आहेत. डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीनं २००६ पासून दहा वर्षं फायरफॉक्स या ब्राउझरला ‘आइसवीझल’ म्हणून वाटलं, ते याच कारणानं: कोड मोकळा, नाव नाही.

रॉमचं थोडक्यात. तपासणीच्या प्रोग्रॅमनं सीआरसी आणि शा-१ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) जुळवून ‘ठीक’ दाखवलं, तर फाइल अस्सल आहे एवढंच कळतं. ती तुमची आहे असं त्यातून निघत नाही. मेमच्या अधिकृत पानावर ‘रॉबी रोटो’, ‘ग्रिडली’, एक्सिडीचे काही खेळ मालकांच्या परवानगीनं फुकट मिळतात, पण पैसे न कमावणाऱ्या वापरासाठी. विकायच्या कॅबिनेटमध्ये तेही भरता येत नाहीत. हे वाचून पुष्कळांचा चेहरा पडतो.

आणि जे कोड लिहितात त्यांच्यासाठी, पुण्यात बसून लिहा की न्यू जर्सीत, एवढं करा. आपल्या फाइलीच्या माथ्यावर नाव आणि परवाना पहिल्याच दिवशी लिहा. नोकरीच्या कामात लिहिलं असेल तर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक तुमची कंपनी आहे, तुम्ही नव्हे. रात्री लिहिलेला पॅच कंपनीच्या लॅपटॉपवरून पाठवण्याआधी करार वाचा. कुणाला हक्क लिहून देत असाल तर कलम १९ बघा: हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं, मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जगभर वाटल्या जाणाऱ्या प्रकल्पाला असा मोघम कागद नंतर फार छळतो. दुसऱ्या एम्युलेटरमधून चार ओळी घेतल्या असतील तर त्या कुठून घेतल्या ते तिथंच टिपणीत लिहा. अशा टिपणी असल्या तरच ‘हा भाग मेमचा’ हे नंतर ठामपणे सांगता येतं.

फायनल बर्न निओ आजही जोमानं चालू आहे, मुस्तफाही त्यावर उत्तम चालतो. परवाना मात्र तोच जुना: विकायचा नाही.